क्लाउडफ्लेअरचं डीएनएस झकास, डोमेन खरेदीच्या भावात, तो केशरी ढग मात्र जपून

डोमेन (साइटचं नाव) आणि डीएनएस (त्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) हा कुणाच्याच आवडीचा विषय नाहीये हे आधीच मान्य करतो. लोगोच्या रंगावर गिऱ्हाईक तासभर बोलेल पण डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि रेकॉर्ड (डीएनएसमधल्या नोंदी) कुठे भरलेत असं विचारलं की पलीकडून "ते आमचा पोरगा बघायचा" एवढंच उत्तर येतं. मी नाशिकात छोट्या धंद्यांच्या वेबसाइट आणि ईमेलची कामं करतो, क्लिनिकं आहेत, एक-दोन शाळा, द्राक्षवाले निर्यातदार, अशी मंडळी. या सगळ्यांची डोमेनं पूर्वी पाच ठिकाणी पसरलेली होती आणि आता बरीचशी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे आणलीत, तर त्याबद्दल लिहितोय. बरेच जण मला विचारतात "क्लाउडफ्लेअर चांगलं का?" आणि मी म्हणतो कुठलं क्लाउडफ्लेअर? कारण एकाच लॉगिनमध्ये तिथे तीन वेगळे धंदे आहेत. एक डोमेन विकण्याचा, दुसरा डीएनएस सांभाळण्याचा, तिसरा तुमच्या साइटच्या पुढे उभं राहून ट्रॅफिक अंगावर घेण्याचा. तिघांचे मार्क वेगळे आहेत आणि लोक तिथेच गल्लत करतात.

आधी डोमेनचं बघू कारण पैसा तिथे जातो. आपल्याकडे नेहमीचा प्रकार काय, जाहिरातीत डोमेन पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयात, मग कार्टमध्ये प्रायव्हसी नावाची टिकमार्क आधीच मारलेली, ईमेलची ट्रायल, "एसईओ पॅक" नावाचं काहीतरी, हे सगळं एकेक करून काढत बसायचं, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलचं बिल बघून गिऱ्हाईकाचा फोन मला. मी ज्यांच्याकडे आधी होतो त्या कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्याकडे ट्रान्सफरचा कोड मागितला की कोडच्या आधी सेल्सवाल्याचा फोन यायचा आणि अचानक डिस्काउंट सापडायचा. अरे मग आधी कुठे होता डिस्काउंट?

क्लाउडफ्लेअरने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये रजिस्ट्रार (डोमेन विकायची सेवा) जाहीर केला तेव्हाच सांगितलं होतं की डोमेनवर आम्ही नफा घेणार नाही, रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या प्रत्येक शेपटीची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था) जो भाव घेते तोच तुम्हाला. आणि हे अजूनपर्यंत पाळलंय. डॉट कॉमची रजिस्ट्री वेरीसाइनकडे आहे, त्यांचा घाऊक भाव सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर, त्यात आयकॅनची (जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) फी २० सेंट, झाले १०.४६ डॉलर. पहिल्या वर्षीही तेवढेच आणि रिन्यूअललाही तेवढेच. आपल्या रुपयात बँकेचं कन्व्हर्जन धरून नऊशेच्या वरच पडतं म्हणजे पहिल्या वर्षी जाहिरातवाल्यांपेक्षा महाग वाटेल, पण दुसऱ्या वर्षापासून गणित फिरतं. मालकाचं नाव-पत्ता लपवायचे वेगळे पैसे नाहीत. वेरीसाइनने भाव वाढवला की इथेही वाढतो, ते यांच्या हातात नाही, त्यामुळे आयुष्यभर हाच दर राहील असं कुणी समजू नये.

आता यातली मेख. क्लाउडफ्लेअरकडे डोमेन ठेवलं की नेमसर्व्हरही (रेकॉर्ड ठेवून उत्तर देणारे सर्व्हर) त्यांचेच वापरावे लागतात, साध्या प्लॅनवर दुसऱ्याचे लावता येत नाहीत. म्हणजे उद्या तुम्हाला डीएनएस दुसरीकडे न्यायचं झालं तर आधी डोमेनच बाहेर काढायला लागणार, आणि ट्रान्सफर होऊन आल्यावर पहिले ६० दिवस ते पुन्हा हलवता येत नाही हा आयकॅनचा नियम आहेच. बहुतेकांना याने काही फरक पडणार नाही पण सही करण्याआधी माहीत असलेलं बरं. मी स्वतः ज्यांचं फक्त साइट आणि मेल एवढंच आहे त्यांचं डोमेनही इकडे आणतो, आणि ज्यांच्याकडे आयटीचा माणूस आहे, उद्या काहीही बदलू शकतं, त्यांचं डोमेन बाहेर ठेवून फक्त नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे लावतो. हा मधला मार्ग लोकांना माहीतच नसतो. डीएनएस वापरायला डोमेन त्यांच्याकडे असणं अजिबात गरजेचं नाही आणि फ्री प्लॅनवर ते सगळं चालतं.

दुसरं म्हणजे सगळी एक्स्टेन्शन (डॉट कॉमसारख्या शेपट्या) तिथे मिळत नाहीत, तेव्हा घाईघाईत जुन्या ठिकाणचं ऑटो रिन्यू बंद करू नका, आधी त्यांची यादी बघा.

आणि पेमेंट. बिल डॉलरमध्ये, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू पाहिजेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे नियम बदलल्यापासून परदेशी कंपन्यांचं आपोआप कापलं जाणारं पेमेंट आपल्या कार्डांवर कधी जातं कधी अडतं. डोमेनच्या बाबतीत "कधी अडतं" परवडत नाही. म्हणून मी ऑटो रिन्यू चालू ठेवूनही त्यावर विसंबत नाही, हाताने एकदम तीन-पाच वर्षांचं भरून टाकतो, डॉट कॉम एकूण १० वर्षांपर्यंत पुढे नेता येतं. गिऱ्हाईक आधी कुरकुर करतं मग विसरून जातं, आणि विसरलेलंच बरं.

आता डीएनएस. इथे मात्र हातचं न राखता कौतुक करतो. ज्यांनी जुन्या होस्टिंगवाल्यांचे पॅनल वापरलेत त्यांना कळेल, एक टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड टाकायला चार स्क्रीन, सेव्ह केल्यावर "बदल २४ ते ४८ तासात दिसतील" असा बोर्ड, डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) लांब की पेस्ट केली तर मधेच कापून टाकणार आणि एरर पण देणार नाही. क्लाउडफ्लेअरमध्ये सगळे रेकॉर्ड एका पानावर, वर सर्च, ओळीवर एडिट दाबा, बदला, सेव्ह, आणि तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवेपर्यंत त्यांच्या सर्व्हरवर बदल झालेला असतो. टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा) ऑटोवर ठेवलं की ३०० सेकंद, आणि गरज असेल तर फ्री प्लॅनवरही ६० सेकंदापर्यंत खाली आणता येतं. सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल खाली आणून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काम उरकून परत वाढवायचं, बस.

एक छोटी गोष्ट आहे जिचं कुणी कौतुक करत नाही, ती म्हणजे प्रत्येक रेकॉर्डला कॉमेंट लिहिता येते. मी नियमच करून टाकलाय, कुठलाही रेकॉर्ड टाकला की कशासाठी, कुणी सांगितलं, कधी काढायचा हे तिथेच लिहायचं. दोन वर्षांनी एखादा विचित्र अक्षरांचा टीएक्सटी दिसतो आणि काढू का नको अशी धाकधूक असते ती संपली. कॉमेंट असते "जुन्या न्यूजलेटरसाठी, दिवाळीनंतर काढ" आणि मी काढतो.

रूट डोमेनवर सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) टाकता येतो हे पण मोठं सुख आहे. नियमाप्रमाणे नुसत्या डोमेनवर, म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसताना, सीनेम चालत नाही कारण तिथे आधीच एनएस आणि एसओए हे डोमेनचे स्वतःचे रेकॉर्ड बसलेले असतात. हे लोक तो सीनेम स्वतः सोडवून उत्तरात आयपी (सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता) देतात, याला ते फ्लॅटनिंग म्हणतात. ज्यांची साइट दुसऱ्या कुठल्या क्लाउड सेवेवर आहे आणि त्यांनी आयपीच्या जागी नाव दिलंय त्यांना हे फार उपयोगी. एपीआय (प्रोग्रामने काम करून घ्यायची सोय) आहे, टोकन (त्याची किल्ली) फक्त एका डोमेनच्या डीएनएसपुरतं बनवता येतं म्हणजे घरी किंवा ऑफिसात बदलता आयपी असेल तर छोटी स्क्रिप्ट लावून रेकॉर्ड आपोआप बदलता येतो आणि ते टोकन कुणाच्या हाती लागलं तरी बाकीचं घर सुरक्षित. पूर्ण झोन फाइल (सगळ्या रेकॉर्डची यादी) एक्सपोर्ट होते, ती मी दर महिन्याला डाउनलोड करून ठेवतो. मर्यादा एकच, १ सप्टेंबर २०२४ नंतर नवीन टाकलेल्या फ्री डोमेनला २०० रेकॉर्डच मिळतात, आधीच्यांना १००० होते. आपल्या छोट्या धंद्यांना वीस पण लागत नाहीत.

(जाता जाता, नेमसर्व्हर तुम्हाला दोन मिळतात आणि त्यांना माणसांची नावं असतात, एक बाईचं एक बाप्याचं. गिऱ्हाईकाला फोनवर सांगताना फार मजा येते.)

त्या २४ ते ४८ तासांबद्दल जरा बोलतो कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. डीएनएसमध्ये काही "पसरत" वगैरे नसतं. जगभरचे रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) जुनं उत्तर टीटीएल संपेपर्यंत लक्षात ठेवतात आणि संपलं की परत विचारतात, एवढीच गोष्ट. तुमचं जुनं टीटीएल एक दिवसाचं असेल तर एक दिवस, पाच मिनिटांचं असेल तर पाच मिनिटं. पण यातला एक खड्डा फार जणांना माहीत नसतो. रेकॉर्ड टाकायच्या आधीच तुम्ही उतावीळपणे ब्राउझरमध्ये ते नाव उघडून बघितलं तर "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा लक्षात ठेवलं जातं. ते किती वेळ हे एसओए रेकॉर्डमधला शेवटचा आकडा ठरवतो, क्लाउडफ्लेअरवर तो १८०० सेकंद आहे. म्हणजे मग रेकॉर्ड बरोबर टाकूनही अर्धा तास तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तो उगाच पाच वेळा बदलता. आधी रेकॉर्ड, मग टेस्ट. आणि टेस्ट ब्राउझरमध्ये करू नका, डिग किंवा एनएसलूकअपने थेट त्यांच्या नेमसर्व्हरला विचारा, तिथे बरोबर दिसलं की हात झटका आणि चहाला जा.

शिफ्ट करताना मात्र डोळ्यात तेल घालून. डोमेन टाकलं की क्लाउडफ्लेअर जुने रेकॉर्ड आपोआप स्कॅन करतं आणि लोकांना वाटतं झालं काम. पण बाहेरून कुणालाच पूर्ण यादी मागता येत नाही, स्कॅन नेहमीची नावं विचारून बघतं आणि जे सापडेल ते भरतं. तुमच्या डीकेआयएमच्या सिलेक्टरचं (त्या सहीचा रेकॉर्ड ज्याखाली असतो त्याचं) नाव काहीतरी अगम्य असेल, किंवा टॅलीसाठी, कॅमेऱ्यासाठी कुणी सबडोमेन बनवलं असेल, तर ते त्यात नसेल याची तयारी ठेवा. जुन्या पॅनलमधून झोन फाइल मिळाली तर ती इम्पोर्ट करा, नाही मिळाली तर शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून एकेक ओळ जुळवा. जुन्या ठिकाणी डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) चालू असेल तर ते आधी बंद करा, त्याचा रजिस्ट्रीकडचा डीएस रेकॉर्ड निघून त्याचं टीटीएल संपू द्या, मगच नेमसर्व्हर बदला. नाहीतर जुनं कुलूप आणि नवी किल्ली असा प्रकार होतो, साइट आणि मेल दोन्ही ठप्प, आणि वाईट म्हणजे काही रिझॉल्व्हर तपासतात काही नाही, त्यामुळे अर्ध्या लोकांना चालतं अर्ध्यांना नाही आणि कारण शोधायला रात्र जाते. सगळं स्थिरावलं की नवीन बाजूला डीएनएसएसईसी परत चालू करायचं, डोमेन पण त्यांच्याकडेच असेल तर एका बटणाचं काम आहे.

मेलचं एक उदाहरण सांगतो. एका द्राक्ष निर्यातदाराचे मेल परदेशातल्या खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जायचे, ऐन सीझनमध्ये, कंटेनर भरायची वेळ आणि हा फोन करकरून सांगतोय की मेल बघा हो. त्याच्या डोमेनवर बघितलं तर दोन एसपीएफ रेकॉर्ड (या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारे). आधीच्या वेबसाइटवाल्याने एक टाकलेला, मेल देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टने दुसरा टाकायला सांगितलेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो, दोन दिसले की तपासणारा सर्व्हर एरर देऊन मोकळा होतो. दोन्ही एकत्र करून एक ओळ केली, डीकेआयएम चालू केलं, डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) आधी नुसत्या निरीक्षणावर ठेवलं, काही दिवसात मेल इनबॉक्समध्ये. एसपीएफमध्ये लुकअप (डीएनएसला विचारणा) दहाच्या वर गेले तरी असंच होतं, त्यामुळे जो येईल त्याचा इन्क्लूड (त्याची यादी जोडणारा भाग) भरत बसू नका. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही पाहिजेतच, पण आपण दहा मेल पाठवत असलो तरी तिन्ही असावेत. क्लाउडफ्लेअरच्या पॅनलमध्ये ते नसतील तर वर सूचना येते आणि भरायला विझार्ड पण आहे, ते बरं केलंय.

फुकटची ईमेल राउटिंग पण आहे, म्हणजे तुमच्या डोमेनवर आलेला मेल तुमच्या जीमेलवर ढकलते. छोट्या दुकानदाराला मस्त. फक्त त्यातून मेल येतात, त्या पत्त्यावरून पाठवायची सोय तुमची तुम्ही बघायची, आणि एमएक्स (मेल कुठे यायचा ते सांगणारे रेकॉर्ड) त्यांचे लागतात त्यामुळे दुसरीकडे मेलबॉक्स असतील तर याच्या वाट्याला जाऊ नका.

आता तो केशरी ढग. ए, क्वाड-ए (हे दोन आयपी सांगणारे) आणि सीनेम रेकॉर्डच्या शेजारी एक ढगाचं चित्र असतं. करडा असला तर ते फक्त डीएनएस, केशरी असला की ट्रॅफिक त्यांच्या सर्व्हरमधून फिरून येतं. फायदे खरेच आहेत, तुमच्या सर्व्हरचा खरा आयपी लपतो, हल्ला झाला तर ते झेलतात, एसएसएल म्हणजे ब्राउझरमधलं कुलूप फुकट (हे २०१४ पासून आहे), फोटो-बिटो कॅशमधून (त्यांच्याकडे साठवलेल्या प्रतीतून) जातात. पण साइटसाठी केशरी म्हणजे सगळ्यासाठी केशरी नव्हे. मेल सर्व्हरचं नाव, एफटीपी, एसएसएच (सर्व्हरवर फाइल टाकायची आणि लॉगिन करायची साधनं) ज्या नावाने करता ते, हे सगळं करड्यावर ठेवा नाहीतर कनेक्ट होणार नाही. आणि एसएसएलच्या सेटिंगमध्ये फ्लेक्सिबल असेल आणि तुमचा सर्व्हर स्वतः एचटीटीपीएसवर पाठवत असेल तर ते एकमेकांना चेंडू टाकत बसतात आणि ब्राउझर म्हणतो खूप जास्त रिडायरेक्ट झाले. तिथे फुल स्ट्रिक्ट करा. मला विचाराल तर फ्लेक्सिबल हा पर्यायच काढून टाकायला पाहिजे, कुलूप दिसतं पण क्लाउडफ्लेअरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत सगळं उघड्यावर जातं.

वेगाचं म्हणाल तर यांची मुंबई, चेन्नई, दिल्लीत केंद्रं २०१५ पासून आहेत, आता अजून शहरं आलीत. पण फ्री प्लॅनवर तुमचा पाहुणा कुठल्या इंटरनेट कंपनीवरून येतो त्यावर तो मुंबईला जाईल का सिंगापूरला हे ठरतं. सर्व्हर मुंबईत, गिऱ्हाईक सिन्नरला आणि मधे सिंगापूर, असं झालं तर ढगाने साइट उलट हळू होते. म्हणून ढग लावून वेग मोजा, साइट हळू झाली तर करडा करा, रेकॉर्ड तिथेच राहतो.

आणि १८ नोव्हेंबर २०२५ आठवत असेलच. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते, आणि जगभर केशरी ढगामागच्या साइट ५०० चा (सर्व्हर बिघडल्याचा) एरर द्यायला लागल्या. त्यांच्या बॉट ओळखायच्या यंत्रणेतली एक फाइल डेटाबेसमधल्या बदलामुळे दुप्पट झाली आणि ती वाचणारं सॉफ्टवेअरच कोसळलं, हे त्यांनी स्वतः लिहून सांगितलं, लपवलं नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. उपाय साधा होता, ढग करडा करायचा आणि थेट सर्व्हरवर जायचं, पण बहुतेकांना डॅशबोर्डमध्ये लॉगिनच होता येत नव्हतं कारण लॉगिनच्या पानावर त्यांचंच तपासणीचं विजेट होतं आणि ते पण बंद. म्हणून ज्यांचं बुकिंग किंवा पेमेंट साइटवर चालतं त्यांनी एपीआय टोकन आधीच बनवून ठेवावं, निदान लॉगिनशिवाय ढग करडा करायची खिडकी तरी उघडी राहते. आणि ज्याला ढगाची गरज नाही, म्हणजे चार पानांची क्लिनिकची साइट, तिथे मी करडाच ठेवतो.

सपोर्टचं सांगायचं तर फ्री प्लॅनला फोन नाही, फोरमवर विचारा. मराठीतून "दादा जरा बघा ना" म्हणायची सोय नाही. ज्यांना ते लागतं त्यांनी इथल्या रजिस्ट्रारकडे दोन-तीनशे जास्त द्यावेत, त्यात काही वावगं नाही.

आणि कुणाकडेही ठेवा, अकाउंट धंद्याच्या मालकाच्या ईमेलवर काढा. वेबसाइटवाल्याला म्हणजे माझ्यासारख्याला मेंबर म्हणून इन्व्हाइट करा. माझ्याकडे आलेल्या किती जणांचं डोमेन जुन्या डिझायनरच्या नावावर होतं आणि तो फोन उचलत नव्हता हे सांगायला लागलो तर वेगळा लेख होईल. तसंच कंपनी कितीही मोठी असो, गुगलने सुद्धा २०२३ मध्ये गुगल डोमेन्सचा धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला आणि लोकांची डोमेनं आपोआप दुसऱ्या घरी गेली. तेव्हा झोन फाइलची कॉपी जवळ पाहिजे आणि रिन्यूअलच्या तारखेला फोनमध्ये रिमाइंडर पाहिजे. डॉट कॉम संपलं तरी बहुतेक ठिकाणी काही दिवस साध्या भावात परत मिळतं, त्यानंतर रिडेम्प्शनचे ३० दिवस लागतात तिथे दंड भरून सोडवावं लागतं आणि तो दंड मूळ किमतीच्या कित्येक पट असतो, आणि मग ५ दिवसांनी ते बाजारात.

मार्क द्यायचे तर डीएनएस पाचपैकी पाच, रजिस्ट्रार चार (एक मार्क नेमसर्व्हरच्या सक्तीचा कापला), केशरी ढग तीन, तोही गरज असेल तरच. आणि आज अकाउंट काढणार असाल तर काढल्या काढल्या टू-फॅक्टर चालू करा आणि त्याचे बॅकअप कोड प्रिंट मारून दुकानाच्या फाइलमध्ये लावा, कारण मोबाईल हरवला की फोरमवाले पण काही करू शकत नाहीत.